डोंगरात मोबाइलची रेंज नसताना गटाचा खाजगी संवाद : मेशटॅस्टिकची जाळी कोणत्या क्रमाने बसवावी

सह्याद्रीत भटकणाऱ्या गटांकडे आणि शोधमोहिमांना जाणाऱ्या स्वयंसेवकांकडे आता लोरा रेडिओवर (कमी विजेत लांबवर थोडा मजकूर नेणारी रेडिओपद्धत) चालणारे छोटे मेशटॅस्टिक नोड, म्हणजे मेशटॅस्टिक ही प्रणाली घातलेली रेडिओयंत्रे, दिसू लागले आहेत. सिमकार्ड किंवा टॉवर नसताना एका नोडवरून दुसऱ्यावर उड्या मारत मजकूर आणि ठिकाण पोहोचते, आणि मजकूर कूटबद्ध असतो असे ॲपमध्ये दिसते. बहुतेक गट इथेच थांबतात. प्रत्यक्षात नव्या नोडवर जो चॅनल (संवादाची वाहिनी) आधीपासून असतो त्याची किल्ली, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणारा आणि उलगडणारा संकेत, जगजाहीर आहे, आणि तीच ठेवून केलेला संवाद कोणताही दुसरा नोड वाचू शकतो. ज्यांनी स्वतःची किल्ली केली, त्यांच्यातही अनेकांनी ती भलत्या क्रमाने किंवा भलत्या मार्गाने वाटलेली असते. गटाचा खाजगीपणा किल्ली कशी तयार केली, कोणाच्या हाती कशी दिली आणि नोड हरवल्यावर ती किती लवकर बदलली, या तीन गोष्टींवर ठरतो. पुढील टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमानेच करावेत.

जिथे इंटरनेट मिळते तिथे या खटाटोपाची गरज नाही. तिथे सिग्नलसारख्या ॲपमधील गट अधिक सुरक्षित ठरतो.

## तयारी : निघण्याच्या आठवडाभर आधी

सर्व नोड एकाच जागी, एकाच दिवशी आणि शक्यतो एकाच व्यक्तीच्या देखरेखीखाली तयार करावेत. प्रत्येकाने आपापल्या घरी व्हिडिओ पाहून नोड तयार केला, तर पाच नोडवर पाच निरनिराळ्या मांडण्या होतात आणि पायथ्याच्या गावात पोहोचल्यावर कोणाचेच कोणाशी जुळत नाही.

भारतासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरायचा असल्याने ८६८ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला नोड आणि त्याच पट्ट्याचा अँटेना घ्यावा. ४३३ चा नोड स्वस्त मिळाला तरी तो इथे उपयोगाचा नाही, कारण नोडमधील रेडिओचा भागच वेगळ्या पट्ट्यासाठी जुळवलेला असतो. बॅटरीवर दोन दिवस काढायचे असतील तर एनआरएफ ५२८४० चिप असलेले नोड निवडावेत. ईएसपी ३२ चिपच्या नोडपेक्षा ते बरीच कमी वीज घेतात. डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल (नुसती चार्जिंगची केबल चालत नाही), क्रोम किंवा एज ब्राउझर असलेला संगणक, आणि कोणता नोड कोणाकडे आहे हे लिहिण्यासाठी एक कागद एवढे जवळ असले की पुरे. त्या कागदावर किल्ली मात्र लिहू नये.

सावधान : अँटेना जोडल्याशिवाय नोडला वीज देऊ नये. अँटेना नसताना प्रसारण झाले तर रेडिओचा शक्तिवर्धक भाग जळू शकतो, आणि असा अर्धमेला नोड घरात चालतो पण खिंडीपलीकडे पोहोचत नाही.

## टप्पा १ : जुने सर्व पुसून फर्मवेअर नव्याने घालणे

नोड नवा कोरा असला तरी त्यातील फर्मवेअर (नोड चालवणारी आतली प्रणाली) तसेच ठेवून पुढे जाऊ नये. यामागे ठोस कारण आहे. २०२५ मध्ये असे उघड झाले की काही विक्रेत्यांनी एकाच तयार प्रतीवरून अनेक नोड भरले होते, आणि त्यामुळे त्या नोडमधील वैयक्तिक संदेशांच्या गुप्त किल्ल्या एकसारख्या निघाल्या. २.६.११ या आवृत्तीत त्यावर उपाय झाला : वैयक्तिक किल्ल्या आता नोडवर प्रदेश (कोणत्या देशाच्या पट्ट्यात चालायचे ते) पहिल्यांदा निवडला जातो तेव्हाच तयार होतात, आणि माहीत असलेली सदोष किल्ली आढळल्यास सूचना मिळते. म्हणून २.६.११ किंवा त्यानंतरची स्थिर आवृत्तीच घ्यावी, आणि सर्व नोडवर तीच घालावी.

मेशटॅस्टिकच्या अधिकृत वेब फ्लॅशरमध्ये ईएसपी ३२ नोडसाठी पूर्ण पुसून बसवण्याचा पर्याय निवडावा. नुसते अद्ययावत करण्याच्या पर्यायाने जुन्या किल्ल्या जागच्या जागी राहतात. एनआरएफ ५२८४० नोडसाठी पुसणारी फाइल वेगळी असते. ती आधी आणि फर्मवेअर नंतर टाकावे.

तपासणी : नोड सुरू केल्यावर त्याने प्रदेश निवडलेला नसल्याचे सांगितले पाहिजे. प्रदेश आधीच निवडलेला दिसला, तर पुसण्याचे काम झालेले नाही.

## टप्पा २ : प्रदेश निवडण्याआधी चॅनलची किल्ली तयार करणे

बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात. ॲप उघडताच ते प्रदेश निवडायला सांगते, आपण निवडतो, आणि त्या क्षणापासून नोड प्रसारण सुरू करतो. तोवर चॅनल मात्र मूळचाच असतो. पाठोपाठ कोणी नोडला स्वतःचे पूर्ण नाव दिले, तर ते नाव परिसरातील सर्व अनोळखी नोडच्या यादीत जाऊन बसते. प्रदेश निवडलेला नसेपर्यंत नोड मुका असतो. ही सोय आपल्या फायद्याची आहे आणि ती वाया घालवू नये.

गटप्रमुखाच्या नोडवर, आणि फक्त त्याच एका नोडवर, पुढील कामे करावीत.

१. चॅनलांच्या यादीत पहिला, म्हणजे मुख्य चॅनल उघडावा. तिथली मूळ किल्ली फक्त चार चिन्हांची दिसते आणि तिच्या शेवटी बरोबरची दोन चिन्हे असतात. ही खरे तर किल्लीच नव्हे; सर्वांना ठाऊक असलेल्या किल्लीकडे बोट दाखवणारा तो एका बाइटचा संकेत आहे.

२. किल्लीचा आकार २५६ बिट ठेवून ॲपमधील बटणाने नवी यादृच्छिक किल्ली तयार करावी. गडाचे नाव, गटाच्या स्थापनेचे वर्ष किंवा कोणाचा फोन नंबर यांवरून स्वतः किल्ली रचण्याचा मोह टाळावा.

३. चॅनलला नाव द्यावे. नाव १२ बाइटपेक्षा कमी असावे लागते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा व अनुस्वार ३ बाइट घेतो, त्यामुळे ‘रतनगड’ हे नावसुद्धा बसत नाही. रोमन लिपीतील छोटे, गटाची ओळख न सांगणारे नाव सोयीचे पडते.

४. याच चॅनलचे इंटरनेटकडे नेणारे दोन पर्याय, अपलिंक आणि डाउनलिंक, बंद असल्याचे पाहावे.

नाव बदलले म्हणजे चॅनल खाजगी झाला, हा समज फार पसरलेला आहे. किल्ली तीच ठेवून नाव बदलणे म्हणजे दारावरची पाटी बदलून कुलूप जुनेच ठेवण्यासारखे आहे.

काही जण मूळचा सार्वजनिक चॅनल मुख्य म्हणून ठेवतात आणि स्वतःचा खाजगी चॅनल दुय्यम म्हणून जोडतात. तसे केल्याने त्यांचे संदेश परिसरातील इतरांचे नोडही पुढे ढकलतात, आणि पुण्यामुंबईजवळ तो लाभ काही वेळा खरा असतो. परंतु नोडचे नाव आणि बॅटरीसारखी माहिती मुख्य चॅनलवरूनच प्रसारित होते. म्हणजे गप्पा खाजगी राहतात, पण गटात कोण आहे हे उघड होते. कोकणकड्याच्या आसपास मदतीला येणारे अनोळखी नोड मुळात नसतातच. माझ्या मते गटाचा चॅनल मुख्य ठेवावा आणि सार्वजनिक चॅनल काढून टाकावा.

तपासणी : ॲपमध्ये या चॅनलसमोर बंद हिरवे कुलूप दिसले पाहिजे. उघडे पिवळे किंवा लाल कुलूप दिसत असेल तर किल्ली एक तर नाही किंवा सर्वज्ञात आहे. पुढे जाऊ नये.

## टप्पा ३ : प्रदेश, वेग आणि स्लॉट

आता त्याच नोडवर लोराच्या पानावर जाऊन प्रदेश म्हणून भारत निवडावा. या पट्ट्यासाठी नियमांनुसार परवान्याची गरज नाही, मात्र प्रक्षेपकाची शक्ती १ वॉट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॉट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशा मर्यादा त्यात आहेत. मूळचा ‘लाँग फास्ट’ हा प्रीसेट (वेग आणि पोहोच यांची तयार मांडणी) २५० किलोहर्ट्झ रुंदी वापरतो, तर ‘लाँग मॉडरेट’ १२५ किलोहर्ट्झ वापरतो. म्हणून दुसरा निवडणे मला योग्य वाटते. संदेश थोडा सावकाश जातो, पण पोहोच वाढते, आणि दऱ्याखोऱ्यांत तीच हवी असते.

स्लॉटची (पट्ट्यातील नेमक्या वारंवारतेच्या क्रमांकाची) जागा शून्य असेल तर नोड मुख्य चॅनलच्या नावावरून वारंवारता स्वतः ठरवतो. पुढे कधी नाव बदलले की वारंवारताही बदलते आणि अर्धा गट गायब होतो. हे टाळण्यासाठी इथे एक निश्चित आकडा घालावा. उड्यांची मर्यादा ३ च ठेवावी. ती ७ पर्यंत वाढवता येते, पण लहान गटात त्यामुळे त्याच त्या संदेशाचे प्रतिध्वनी वाढून हवा भरून जाते.

सावधान : ‘परवानाधारक हौशी रेडिओ’ हा पर्याय चुकूनही चालू करू नये. हौशी रेडिओवर कूटबद्ध संदेश चालत नाहीत, त्यामुळे हा पर्याय कूटबद्धता बंद करतो. ज्यांच्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे तेच हौसेने हे बटण दाबतात आणि मग पूर्ण गटाला त्यांचे संदेश का दिसत नाहीत याचा शोध घेत बसतात.

## टप्पा ४ : किल्ली समोरासमोर देणे

गटप्रमुखाच्या ॲपमध्ये चॅनलचा क्यूआर कोड मिळतो. या कोडमध्ये किल्ली जशीच्या तशी असते. त्याचा फोटो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे किल्ली आहे, आणि म्हणून तो व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, छापून सॅकला चिकटवू नये, मोहिमेच्या पत्रकात देऊ नये. व्हॉट्सॲपवरचा फोटो प्रत्येकाच्या गॅलरीत आणि तिथून अनेकांच्या ऑनलाइन साठ्यात आपोआप जातो. नंतर ‘सर्वांसाठी हटवा’ केल्याने त्या प्रती परत येत नाहीत.

सर्वांनी एका खोलीत बसावे. प्रत्येकाने आपला पुसलेला, प्रदेश न निवडलेला नोड फोनला जोडावा आणि गटप्रमुखाच्या पडद्यावरचा कोड ॲपमधूनच वाचावा. स्क्रीनशॉट काढू देऊ नये. कोड वाचल्यावर ॲप विचारते की नवा चॅनल जोडायचा की आहेत त्या चॅनलांच्या जागी घालायचा. इथे ‘जागी घालणे’ निवडावे. ‘जोडणे’ निवडले तर मूळचा सार्वजनिक चॅनल मुख्य राहतो आणि गटाचा चॅनल दुय्यम होतो. वरवर सगळे चालते, संदेशही कदाचित येतात, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्महिने ध्यानात येत नाही.

त्यानंतर प्रत्येक नोडवर प्रदेश, प्रीसेट आणि स्लॉट प्रत्यक्ष उघडून पाहावेत. ते कोडमधून आले असतील असे गृहीत धरू नये.

एक नोड मात्र मुद्दाम बाजूला ठेवावा. त्याला किल्ली देऊ नये. सहाव्या टप्प्यात तो परक्याची भूमिका करणार आहे.

## टप्पा ५ : नावे, ब्लूटूथ, ठिकाण

चॅनल खाजगी झाल्यावरच नोडला नावे द्यावीत. आखूड नाव ४ बाइटचे असते, म्हणजे देवनागरीत एकच अक्षर बसते. लांब नावात आडनाव, गाव किंवा फोन नंबर घालू नये. ‘आघाडी’, ‘पिछाडी’, ‘वैद्यकीय’ अशी कामावरून दिलेली नावे गोंधळाच्या वेळी अधिक उपयोगी पडतात.

पडदा नसलेल्या नोडचा ब्लूटूथ पिन मुळात १२३४५६ असतो. तो बदलला नाही तर मुक्कामाच्या जागी शेजारच्या तंबूतला कोणीही नोडला फोन जोडून किल्ली काढून घेऊ शकतो. पडदा असलेल्या नोडवर दर वेळी नवा पिन दाखवण्याचा पर्याय ठेवावा. नोडमधले इंटरनेटशी जोडणारे एमक्यूटीटी मॉड्यूल बंद करावे, आणि आपले संदेश इतरांनी एमक्यूटीटीवर नेण्यास संमती देणारा पर्यायही बंद ठेवावा.

ठिकाणाची अचूकता चॅनलनिहाय ठरते. आपल्या खाजगी चॅनलवर ती पूर्ण ठेवता येते, आणि शोधमोहिमेत ठेवलीच पाहिजे. नोडची भूमिका सर्वांनी ‘क्लायंट’ ठेवावी. ‘राउटर’ हे नाव भारदस्त वाटते म्हणून प्रत्येक जण तेच निवडतो, पण ती भूमिका उंच जागी कायम बसवलेल्या नोडसाठी आहे. सॅकमधले चार राउटर एकमेकांच्या बोलण्यात अडथळाच आणतात.

वैयक्तिक संदेशांची व्यवस्था चॅनलपेक्षा वेगळी आहे. २.५ आवृत्तीपासून ते समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने (ती फक्त कुलूप लावते; उघडणारी गुप्त किल्ली त्याच्याच नोडमध्ये राहते) कूटबद्ध होतात, त्यामुळे गटातील इतरांनाही वाचता येत नाहीत. सर्व जण एकत्र असतानाच प्रत्येक नोडची माहिती उघडून त्याची ४४ चिन्हांची सार्वजनिक किल्ली मालकाच्या फोनवरील किल्लीशी ताडून पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण नोड हरवल्यावर नवी किल्ली दुरून पाठवता येईल की नाही ते यावरच ठरते.

## टप्पा ६ : घराजवळची चाचणी

प्रत्येकाने चॅनलवर एक संदेश पाठवावा आणि तो सर्वांना दिसतो का ते पाहावे. मग सर्व फोन विमान मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करावे आणि तीच चाचणी पुन्हा करावी; मोबाइलच्या रेंजमध्ये काम करणारी गोष्ट रेडिओवरूनच जात होती याची खात्री त्याशिवाय होत नाही.

आता बाजूला ठेवलेला परका नोड घ्यावा. त्यावर प्रदेश, प्रीसेट आणि स्लॉट गटाचेच ठेवावेत, पण चॅनल मूळचाच राहू द्यावा. गटाने दहा-पंधरा मिनिटे बोलावे, ठिकाणे पाठवावीत. परक्या नोडवर कोणाचेही नाव, मजकूर किंवा नकाशावरचा ठिपका दिसता कामा नये. दिसला, तर कोणत्या तरी नोडवर सार्वजनिक चॅनल शिल्लक आहे. ज्याचे नाव दिसले त्याच्यापासून तपासायला सुरुवात करावी.

संदेशाची लांबीही इथेच आजमावावी. एका संदेशात सुमारे २०० बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची ६५ च्या आसपास अक्षरचिन्हे. एकटे ‘हरिश्चंद्रगड’ ३६ बाइट खाते. वारंवार लागणाऱ्या वाक्यांसाठी छोटे संकेत ठरवून ते सर्वांकडून पाठ करून घ्यावेत.

चाचणी यशस्वी झाली तरी काही गोष्टी झाकल्या जात नाहीत आणि त्या गटातील प्रत्येकाला ठाऊक हव्यात. प्रत्येक संदेशाच्या शीर्षभागात पाठवणाऱ्या व घेणाऱ्या नोडचा क्रमांक उघडा असतो, त्यामुळे कोणता नोड कधी आणि किती बोलतो हे बाहेरच्याला कळू शकते. चॅनलवरील संदेश खरोखर त्याच व्यक्तीने पाठवला याची खातरजमा चॅनल करत नाही. किल्ली असलेला कोणीही दुसऱ्याच्या नावाने बोलू शकतो. माघार घेण्याचा किंवा वाट बदलण्याचा निर्णय म्हणून वैयक्तिक संदेशाने पडताळून घ्यावा.

## टप्पा ७ : नोड हरवल्यास

सांदण दरीत पाण्यात पडलेला नोड बंदच झाला असेल, ही आशा धरून काम चालवू नये. ज्याच्या हाती चालू नोड लागतो तो यूएसबी केबल जोडून किल्ली वाचू शकतो. शिवाय चॅनलच्या कूटबद्धतेत जुन्या संदेशांना वेगळे संरक्षण नाही : कोणी आधीपासून लहरी साठवून ठेवल्या असतील, तर आज हाती आलेल्या किल्लीने कालचे आणि परवाचेही संदेश उलगडतात.

पहिले काम म्हणजे चॅनलवर ‘नोड हरवला’ एवढेच सांगणे. पुढची योजना त्यावर मांडू नये. गटप्रमुखाने आपल्या नोडवर दुय्यम जागी नवी यादृच्छिक किल्ली असलेला चॅनल तयार करावा. सर्व जण भेटू शकत असतील तर कोड समोरासमोर द्यावा. भेटणे शक्य नसेल तर फक्त त्या नव्या चॅनलचा दुवा प्रत्येकाला स्वतंत्र वैयक्तिक संदेशाने पाठवावा; सार्वजनिक किल्ल्या आधी ताडलेल्या असतील तरच हा मार्ग भरवशाचा आहे. प्रत्येकाने पोच द्यावी. सर्वांची पोच आल्यावर ठरलेल्या वेळी नवा चॅनल मुख्य करावा आणि जुना पुसावा. स्लॉट निश्चित केलेला असल्याने वारंवारता बदलत नाही आणि मागे राहिलेला सदस्यही वैयक्तिक संदेशाने गाठता येतो.

सावधान : नवी किल्ली जुन्या चॅनलवर पाठवणे ही सर्वांत महाग चूक आहे. घाईत ती हमखास होते, कारण ॲपमध्ये समोर उघडलेला पडदा त्याच चॅनलचा असतो.

हरवलेल्या नोडचे नाव यादीतून काढून टाकावे. तो नोड नंतर सापडला तरी पहिल्या टप्प्यापासून पुसून भरल्याशिवाय गटात घेऊ नये, कारण त्याची वैयक्तिक किल्लीही बाहेर गेलेली असू शकते.

## टप्पा ८ : मोहीम संपल्यावर

पाहुणे सदस्य, भाड्याने किंवा उसने घेतलेले नोड, दुरुस्तीला जाणारे नोड यांतील चॅनल परत करण्याआधी पुसावेत. ॲपमधून घेतलेल्या मांडणीच्या फाइलमध्ये किल्ल्याही असतात, त्यामुळे ती फाइल फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहू देऊ नये. संदेशांचा इतिहास फोनवरही साठतो. फोनला कुलूप नसेल तर नोडवरची सारी काळजी व्यर्थ जाते.

गटातून कोणी बाहेर पडले की, भांडण होऊन पडले असो वा नोकरीनिमित्त परगावी गेल्यामुळे, किल्ली बदलावी. कोणी गेले नसेल तरी पावसाळ्याआधीच्या नोड तपासणीत, बॅटऱ्या आणि अँटेना पाहतानाच, नवी किल्ली करून ती पुन्हा समोरासमोर वाटावी, आणि सुरुवातीच्या कागदावर कोणाला ती कोणत्या तारखेला मिळाली याची नोंद करावी.